प्रगतिपुस्तकातली ती नोंद बदला : शाळेला एका आईचं खुलं पत्र

प्रति,
मा. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य आणि सहावीच्या वर्गाला शिकवणारे सर्व शिक्षक यांस,

विषय : 'सुधारणा आवश्यक' या रकान्यातली नोंद आणि परिपाठातला चिठ्ठ्यांचा उपक्रम.

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पालकसभेत माझ्या लेकीचं प्रथम सत्राचं प्रगतिपुस्तक मला मिळालं. श्रेणी बघून बरं वाटलं. मराठीत अ-1, गणितात अ-1, विज्ञानात अ-2. मग पान उलटलं. 'आवड / छंद' हा रकाना कोरा होता. 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात मात्र तीन वाक्यं होती : 'मुलगी घुमी आहे. वर्गात बोलत नाही. इतरांत मिसळत नाही.'

त्याच सभेत जाहीर झालं की मुलांना धीट करण्यासाठी परिपाठात रोज एका विद्यार्थ्याच्या नावाची चिठ्ठी निघेल, दुसऱ्या चिठ्ठीतून विषय निघेल, आणि त्या मुलाने माइकवर दोन मिनिटं बोलायचं. जो बोलणार नाही तो परिपाठ संपेपर्यंत समोरच उभा राहील. टाळ्या वाजल्या. मी काही बोलले नाही. माझे मुद्दे मनात जुळायला वेळ लागतो, आणि ते जुळेपर्यंत सभा गणवेशाच्या विषयावर गेली होती. म्हणून लिहिते आहे. लिहिताना मला जे म्हणायचं ते नेमकं म्हणता येतं.

हे पत्र बंद पाकिटात देता आलं असतं. पण सभा सुटल्यावर फाटकाशी तीन आया थांबल्या होत्या आणि तिघींच्याही मनात हेच होतं. एकीच्या मुलाच्या पोटात आता रोज सकाळी दप्तर भरताना दुखतं. प्रश्न माझ्या एकटीच्या मुलीचा नाही, तेव्हा बोलणंही चार लोकांत व्हावं असं मला वाटलं. शाळेचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. शाळेची बदनामी मला नको आहे. तुमच्या शाळेत माझी मुलगी वाचायला शिकली, हे मी विसरलेले नाही.

आधी त्या बुधवारचं सांगते.

लेकीच्या नावाची चिठ्ठी निघाली. विषय निघाला 'माझा आवडता सण'. ती समोर गेली. माइक तिच्या उंचीला वर होता, तो कुणी खाली केला नाही. ती उभी राहिली. किती वेळ, ते मला नक्की ठाऊक नाही. तिने मला यातलं काहीच सांगितलं नाही, तिच्या मैत्रिणीने सांगितलं. "थोडाच वेळ, काकू," ती म्हणाली. मग माइकवरूनच विचारलं गेलं, "काय गं, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?" सगळं मैदान हसलं. पसायदान होईपर्यंत ती तिथेच उभी होती.

घरी आली, डबा घासून पालथा घातला, अभ्यास केला. रात्री उशिरापर्यंत तिच्या कोपऱ्यातला दिवा चालू होता. दुसऱ्या दिवशी तिने वही माझ्यासमोर ठेवली आणि पाणी प्यायला निघून गेली. त्यातलं थोडं इथे उतरवते. तिला विचारूनच उतरवते आहे.

'माझा आवडता सण बेंदूर. बेंदराच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आजोबा गोठ्यात बैलांचे खांदे मळतात. हळद आणि तूप लावतात. जिथे जू बसतं तिथली कातडी जाड झालेली असते. आजोबा तेव्हा बैलाशी बोलत नाहीत. नुसता हात फिरवतात. बैल मान खाली घालतो. मग आजोबा म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. एवढंच बोलतात. मला ते ऐकायचं असतं म्हणून मी दारात थांबते.'

सर, बाई, दोन मिनिटांत हे सहज वाचून होतं. मुलीकडे सांगायला होतं, आणि तुम्हाला हवं होतं त्याहून जास्त होतं. सकाळी आठ वाजता ते तिच्या ओठांवर आलं नाही, रात्री दहा वाजता कागदावर आलं. मधे फक्त वेळ गेला होता.

आता मी कोण आणि मला हे एवढं का लागलं, ते सांगते. मी बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. मी स्वतः शाळेत 'घुमी' होते. पाहुणे आले की मला बाहेर बोलावून "काहीतरी बोल की" म्हणायचे, आणि मी बोलले नाही की माझ्यादेखत आईला विचारायचे, "हिचं कसं होणार?" माझ्या बघण्याच्या कार्यक्रमात एका घरच्यांनी सरळ विचारलं होतं की मुलगी बोलते ना नीट. डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाची पदविका, करताना मी ठरवलं की आता आपण बदलायचं. वसतिगृहात सगळ्यांत पुढे, सहलीत गाण्याच्या भेंड्यांत पुढे, हसायचं तर मोठ्याने. ते मला जमलंसुद्धा. पण रविवारी दुपारी डोकं इतकं ठणकायचं की खोलीत अंधार करून पडावं लागे. हे सोंग मी दहा-बारा वर्षं वागवलं. आपल्यात काहीतरी कमी आहे आणि ते झाकायचं आहे, एवढंच मला शाळेने शिकवलं होतं.

ते सुटलं मायक्रोस्कोपपाशी. एका गाळप हंगामात ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आला. चार दिवस थंडी वाजून ताप. मलेरियासाठी रक्ताच्या जाड थेंबाची स्लाइड बघताना किमान 100 फील्ड, म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणारे गोल भाग, पाहिल्याशिवाय 'निगेटिव्ह' लिहायचं नसतं. लेन्स आणि काच यांच्यामध्ये तेलाचा थेंब असतो, एका हाताने स्लाइड सरकवायची, दुसऱ्याने फोकस धरायचा, आणि एकेक गोल नजरेखालून घालायचा. पन्नास-साठ फील्ड होईपर्यंत काही दिसत नाही तेव्हा मन आपोआप 'नसेलच' म्हणायला लागतं. मला मात्र तिथे कंटाळा येत नाही. उलट चित्त तिथे स्थिर होतं, आजूबाजूचा आवाज गळून पडतो. साठ फील्ड ओलांडल्यावर एकात लालसर ठिपका आणि त्याला लागून बारीक निळसर कडी, म्हणजे मलेरियाचा जंतू, दिसली. मग पुढे आणखी दोन दिसल्या. मुलाला त्याच दिवशी औषध सुरू झालं.

आमचे डॉक्टर त्या दिवशी म्हणाले, "तुम्ही बघितलीत ना स्लाइड? मग दुसऱ्याने बघायची गरज नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही. जो स्वभाव मी इतकी वर्षं झाकत होते, त्याच्याच जोरावर माझं काम उभं होतं, हे मला पहिल्यांदा कळलं. रक्त घ्यायला बसलेली म्हातारी माणसंही माझ्याच टेबलाकडे येतात. एक आजी म्हणाल्या, "तू उगा बोलत नाहीस बाई, म्हणून भीती वाटत नाही." मी त्यांचं ऐकून घेते. कुणाचा मुलगा फोन करत नाही, कुणी दोन दिवस जेवलेलं नाही. दोन दिवस जेवण नसेल तर साखरेच्या रिपोर्टचा अर्थ बदलतो, आणि तो बदल डॉक्टरांपर्यंत पोहोचतो तो मी ऐकलं म्हणून.

चौतिसाव्या वर्षी मी सोंग सोडलं. तेव्हापासून मी लग्नकार्यात तासभर थांबते, मनापासून थांबते आणि घरी येते. माणसं मला आवडतात. फक्त गर्दीत माझी शक्ती खर्च होते आणि एकांतात ती भरून येते. काहींचं नेमकं उलट असतं, घरात बसलं की ती कोमेजतात. कार्ल युंग या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने 1921 मधल्या आपल्या पुस्तकात स्वभावाचे हे दोन कल अंतर्मुख आणि बहिर्मुख या नावांनी मांडले. दोन्ही कल प्रत्येकात कमीअधिक असतात, असंच त्याचं म्हणणं होतं. त्याने यातल्या एकाही कलाला आजार म्हटलं नव्हतं.

आपल्या भाषेतली गंमत नव्हे, दुःखच आहे की कमी बोलणाऱ्या मुलाला लावायला आपल्याकडे शब्द भरपूर आहेत आणि जवळजवळ सगळे टोचणारे आहेत. घुमी, मुखदुर्बळ, एकलकोंडी, माणूसघाणी, आतल्या गाठीची. बोलणाऱ्या मुलाला आपण चुणचुणीत म्हणतो, धीट म्हणतो, हुशार म्हणतो. 'मितभाषी' हा चांगला शब्द आपल्याकडे आहे, पण तो आपण निवृत्तीच्या सत्कारात काढतो. सहावीतल्या मुलीसाठी तो कुणाला आठवत नाही.

आता तक्रारी.

पहिली त्या नोंदीबद्दल. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रगतिपुस्तकात वर्णनात्मक नोंदी आल्या. मुलाला नुसत्या आकड्यांत मोजू नये, त्याची आवड, त्याची वाढ शिक्षकाच्या नजरेतून दिसावी, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. म्हणूनच 'आवड / छंद' रिकामा पाहून मला जास्त वाईट वाटलं. शाळेच्या आवारात देशी बदामाचं झाड आहे. त्याच्या खालच्या फांदीवर शिंपी पक्ष्याने पानं शिवून घरटं केलं होतं. लेकीने जून संपता संपता ते पाहिलं आणि रोज मधल्या सुट्टीत त्याची नोंद ठेवली. कोणत्या दिवशी अंडी दिसली, नर-मादी किती वेळाने येतात, पावसाच्या दिवशी काय करतात, बाराव्या दिवशी पिल्लं निघाली. पिल्लं दिसू लागली तेव्हा तिने मैत्रिणीलाही दाखवलं, पण हाताने फांदी वाकवू दिली नाही. हे सगळं तुमच्याच आवारात, तुमच्याच घंटेच्या वेळात घडलं. एकदा कुणी "काय लिहितेस गं?" म्हणून विचारलं असतं तर रकाना भरला असता, आणि मला वाटतं मुलगीही बोलली असती.

शिवाय त्या तीन वाक्यांत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. एखादं मूल स्वभावाने शांत असतं. एखाद्याला बोलायचं असतं पण लोक हसतील या भीतीने घसा कोरडा पडतो. आणि एखादं मूल घरी किंवा शाळेत काही भयंकर घडल्यामुळे अचानक गप्प होतं. पहिल्याला काही करायला नको, दुसऱ्याला धीर हवा, तिसऱ्याला तातडीने मदत हवी. लॅबमध्ये मी तीन वेगळ्या नमुन्यांवर एकच चिठ्ठी चिकटवली तर मला घरी पाठवतील, आणि पाठवायलाच हवं. 'घुमी' या एका शब्दाने तुम्ही तिन्ही मुलांना एकच चिठ्ठी लावली आहे. त्यात ज्याला खरोखर मदत हवी ते तिसरं मूल हरवतं.

दुसरी तक्रार चिठ्ठ्यांच्या उपक्रमाची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये एक ओळ आहे. मुलाला भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावं आणि आपली मतं मोकळेपणाने मांडायला मदत करावी. दोन्ही गोष्टी एकाच उपकलमात, एकापाठोपाठ एक लिहिल्या आहेत, आणि भयमुक्ती आधी आली आहे. मला वाटतं ज्यांनी तो कायदा लिहिला त्यांना मुलं माहीत होती. आपल्या उपक्रमाने क्रम उलटा केला. आधी घाबरवा, म्हणजे बोलतील. त्या बुधवारनंतर माझी मुलगी वर्गात पूर्वी जे दोन-चार शब्द बोलायची तेही थांबलेत. हे मी तुम्हाला दोष द्यायला लिहीत नाही. उपक्रमाचा हेतू धीट करण्याचा होता, परिणाम काय झाला तो हा आहे. त्याच परिपाठात आपण मुलांना मौन पाळायलाही लावतो. त्या मौनाला काही किंमत आहे असं शाळा मानते म्हणूनच ते तिथे आहे ना?

तिसरी तक्रार गुणांची, आणि इथे मला थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण अनेक पालकांना हे ठाऊक नसतं. सहावीला निम्मं मूल्यमापन आकारिक, म्हणजे सत्रभर चालणारं, आणि निम्मं संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचं, असतं. आकारिकाची आठ साधनं आहेत : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी, स्वाध्याय आणि इतर. आठांत तोंडी काम एक आहे. पण मला वर्गशिक्षकांनी सभेत सांगितलं की विज्ञानात श्रेणी खाली आली ती 'सहभाग नसल्यामुळे', आणि सहभाग म्हणजे काय विचारल्यावर उत्तर आलं की हात वर करणं. म्हणजे बाकीच्या साधनांतही हात वर करण्याचाच हिशेब झिरपला आहे. माझ्या मुलीने पानातलं हरितद्रव्य काढायचा प्रयोग घरी पुन्हा करून वहीत आकृतीसह लिहिला होता. तो सहभाग नव्हे का?

आणि हात वर करायला आपण मुलांना वेळ तरी किती देतो? 1970 च्या दशकात अमेरिकेत मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक बाईंनी वर्गांतले संवाद ध्वनिमुद्रित करून मोजले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असं त्यांना दिसलं. तो वेळ तीन सेकंदांच्या पुढे नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. एवढ्यासाठी ना पैसा लागतो ना प्रशिक्षण. मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे. माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे की उद्या एका तासाला करून बघा. पहिल्या बाकावरचा जो मुलगा नेहमी पहिला बोलतो तोही जास्त चांगलं उत्तर देईल.

चौथी तक्रार लहान आहे पण रोजची आहे. या वर्षीपासून मधल्या सुट्टीत वाचनालयाच्या खोलीला कुलूप असतं आणि वर्गातही थांबू देत नाहीत. सगळ्यांनी मैदानावर. सकाळपासून साठ मुलांच्या वर्गात बसलेल्या मुलाला ती पंधरा-वीस मिनिटं शांत कोपरा मिळाला तर दुपारचे तास त्याला झेपतात. बदामाखाली बसू देत होते तेव्हा तिचं भागत होतं. आता तिथूनही उठवतात.

गटप्रकल्पाबद्दल फार लिहीत नाही. चौघांच्या गटात माहिती एकीने गोळा करायची, तक्ता तिनेच रंगवायचा आणि समोर उभं राहून जो बोलेल त्याला पैकीच्या पैकी, हे तुम्हीही बघता. 1958 साली येल विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. चार जणांनी एकत्र बसून सुचवलेल्या कल्पना आणि चार जणांनी वेगवेगळं बसून सुचवलेल्या कल्पना यांची तुलना केली, तर वेगवेगळं बसलेल्यांच्या कल्पना जास्त भरल्या. गट असावाच, पण आधी प्रत्येकाला एकटं बसून विचार करू द्या, मग जोडीत बोलू द्या, मग वर्गासमोर. अनेक शिक्षक हे करतातही.

तुमच्या बाजूचा एक मुद्दा मला पटतो आणि तो मी टाळणार नाही. सभेनंतर एक बाई मला म्हणाल्या, "अहो, जग बोलणाऱ्याचं आहे. मुलीच्या जातीला तर बोलता यायलाच हवं. उद्या कुणी काही केलं तर ओरडणार कशी?" त्या बाईंना माझ्या मुलीची काळजी होती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मलाही तीच काळजी आहे. तिला 'नको' म्हणता यायला हवं, एसटीत कंडक्टरला हाक मारता यायला हवी, दुखतंय ते डॉक्टरांना सांगता यायला हवं, 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ असायला हवा. दहावीला भाषांच्या तोंडी परीक्षा आहेत, तिथे तिला सूट नको. बोलायला शिकणं हे पोहायला शिकण्यासारखं आहे, ते प्रत्येकाला यावं. पण पोहायला शिकवताना आम्ही पोराच्या पाठीला डबा बांधतो आणि काठाकाठाने नेतो. विहिरीत ढकलून वर हसत नाही. आणि ज्या मुलीने एकदा तोंड उघडायचा प्रयत्न केला तेव्हा मोठी माणसं हसली, ती खरोखर संकटात असताना त्याच मोठ्या माणसांकडे येईल का? बाई, मला याचीच जास्त भीती वाटते.

बोलणाऱ्याची बोरं खपतात, ही म्हण मी ऐकतच वाढले. बाजारात ती खरीही असेल. शाळा बाजार नाही, असं मी आजवर मानत आले आणि पुढेही मानणार आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

प्रगतिपुस्तकातली नोंद बदलावी. 'घुमी' हा शब्द खोडून तिथे जे दिसलं ते लिहावं, उदाहरणार्थ 'मोठ्या गटात कमी बोलते, लेखनातून उत्तम व्यक्त होते, गटासमोर बोलण्याचा सराव हवा.' हे खरं आहे आणि मला मान्य आहे. 'आवड / छंद' रकाना भरावा. इतर मुलांच्या नोंदींतही असे शब्द असतील तर तेही तपासावेत.

परिपाठातला चिठ्ठ्यांचा उपक्रम आहे त्या स्वरूपात थांबवावा. मुलांनी बोलावं, जरूर बोलावं, पण विषय निदान आठवडाभर आधी द्यावा, कागद हातात धरू द्यावा, पहिल्या वेळी दोघांनी मिळून बोलू द्यावं, आणि कुणालाही शिक्षा म्हणून समोर उभं करू नये. माइकवरून कुणावरही शेरा मारला जाऊ नये. जो शेरा मारला गेला त्याबद्दल शाळेने माझ्या मुलीशी एकांतात दोन शब्द बोलावेत. सगळ्यांसमोर माफी नको, तिला ते आणखी जड जाईल.

सहभागाचे गुण देताना वहीतलं काम, लिहून विचारलेला प्रश्न, घरी केलेला प्रयोग, जोडीदाराला केलेली मदत, हे सगळं सहभाग म्हणून धरावं, आणि ते कसं धरलं जातं ते पालकांना लेखी कळवावं. वर्गात एक प्रश्नपेटी ठेवावी. ज्याला हात वर करून विचारता येत नाही तो चिठ्ठी टाकेल. चिठ्ठ्या काढायच्याच असतील तर त्या पेटीतून काढाव्यात.

मधल्या सुट्टीत वाचनालय उघडं ठेवावं. देखरेखीला माणूस नाही अशी अडचण असेल तर मी आणि फाटकाशी भेटलेल्या त्या तिघी आळीपाळीने येऊन बसू. माझी शुक्रवारी दुपारपाळी असते, त्यामुळे शुक्रवार माझा.

आणि एक समुपदेशक वर्षातून दोनदा तरी शाळेत यावेत. गप्प मूल शांत आहे, घाबरलेलं आहे की दुखावलेलं आहे, हे ओळखायला शिक्षकांनाही कुणाची तरी साथ हवी. साठ मुलांच्या वर्गात ते एकट्याने ओळखणं किती अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हे पत्र विषयपत्रिकेवर घ्यावं आणि जे ठरेल ते लेखी कळवावं. मला बैठकीला बोलावलं तर मी येईन. मुद्दे लिहून आणीन आणि वाचून दाखवीन, तेवढी परवानगी असावी.

हे पत्र पाठवण्याआधी लेकीला वाचायला दिलं. तिने बराच वेळ घेऊन वाचलं. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. मग म्हणाली, "शिंप्याची पिल्लं उडाली ती तारीख राहिली." ती 24 जुलै होती. वही सोबत आणायला तिने हो म्हटलं आहे, फक्त बाईंनी ती वर्गात मोठ्याने वाचू नये, स्वतः वाचावी, असं तिचं म्हणणं आहे.

आपली विश्वासू,
सहावीतल्या एका मुलीची आई